सावडीतला कॉम्प्युटर

आमच्या घरी कॉम्प्युटर घ्यायचं निघालं तेव्हा मी शांत स्वभावाचा माणूस होतो. पंचायत समितीत वरिष्ठ सहायक म्हणून उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला राग येत नाही, त्याला फक्त त्रुटी दिसतात. आता मात्र कोणी नुसतं 'केबल' म्हटलं तरी माझी मान आपोआप ताठ होते, असं घरचे सांगतात. घरच्यांचं म्हणणं मी सहसा फेटाळतो, पण हे खरं असावं.

माझी मुलगी दिव्यानी चंद्रपूरला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज एसटीनं जाणं, एसटीनं येणं. पहिलं वर्ष तिनं मोबाइलवर काढलं. त्या एवढ्याशा पडद्यावर प्रोग्राम लिहिताना तिचं कपाळ मोबाइलला टेकायचं आणि आमची ही, म्हणजे मनकर्णा, पोरीला डोळ्यांचा डॉक्टर लागणार म्हणून हळहळायची. दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं की आता घरी मशीन लागेल. शिवाय पोळ्याच्या सुमारास नागपूरची एक कंपनी ऑनलाइन परीक्षा घेणार होती. त्यात निवडलेल्या मुलांना कंपनी पगार देऊन वर्षभर काम शिकवणार होती आणि कॉलेज ते वर्ष अभ्यासातच धरणार होतं. दिव्यानीनं ती जागा मनाशी धरली होती. तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर नागपूरचं नाव लिहिलेलं मी पाहिलं होतं.

जेवताना ती म्हणाली, "बाबा, जास्त काई नाई लागत. आठ जीबी रॅम पाह्यजे अन् एसएसडी. जुना लॅपटॉप असला तरी चालते."

मी म्हणालो, "पाहू."

आता एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीनं सांगावं आणि बापानं उठून तेच आणावं, असं कुठे असतं का? मी मेथीची जुडीसुद्धा चार ठिकाणी उलटून बघतो. त्यातून आमच्या गावात माझा एक लौकिक आहे. हापिसात मी कॉम्प्युटरसमोर बसलेला सगळ्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे वामनरावांना त्यातलं कळतं असा समज पक्का झालेला आहे. वस्तुस्थिती अशी की कॉम्प्युटर चालवतो आमचा ऑपरेटर, मी बाजूला बसून 'खाली घे, अजून खाली घे' एवढंच म्हणतो. पण हा समज दूर करण्याची जबाबदारी माझ्यावर कोणी सोपवलेली नव्हती.

तेव्हा मी चौकशीला लागलो. बसस्टँडवर प्रफुलचं मोबाइलचं दुकान आहे. तो म्हणाला, "काकाजी, आय-सेवनच घ्या. आय-थ्री घेतला तं पोट्टी आय-थ्रीचीच राहते जिंदगीभर." मोहर्लीला माझा मेहुणा श्रीहरी सफारीची जिप्सी चालवतो. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "भाऊजी, मी रोज सॉफ्टवेअरवाल्यायले वाघ दाखवतो, मले माहीत हाये थे कोणता वापरतात." आणि त्यानं फोटो पाठवायला सुरुवात केली. जिप्सीत मांडीवर लॅपटॉप घेतलेला बंगलोरचा साहेब, मागे बांबू, आणि कोपऱ्यात वाघाची शेपटी. असे कितीतरी फोटो आले. प्रत्येकात शेपटी स्पष्ट होती आणि लॅपटॉप अंधुक. हापिसात आमचे अधीक्षक म्हणाले, "वामनराव, खरेदी कोणतीही असो, तीन दरपत्रकं घ्या. मग कोणी बोट दाखवत नाही."

हे मला पटलं. मी रीतसर तीन दुकानांतून दरपत्रकं मागवली आणि रविवारी जेवणाच्या पाटावर तुलनात्मक तक्ता मांडून बसलो. एकानं कीबोर्ड धरला होता, दुसऱ्यानं धरला नव्हता, तिसऱ्यानं प्रिंटर फुकट लिहून खाली 'अटी लागू' म्हटलं होतं. तुलना होईना. मी त्रुटी काढून तिन्ही परत पाठवली. एका दुकानदारानं माझा नंबरच ब्लॉक करून टाकला.

मनकर्णा हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "अवो, पोरीले कॉम्प्युटर घ्याचा हाये का नाल्यावर पूल बांधाचा हाये?"

अशा वेळी समोरच्या घरचे बापूजी आले. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये बैलगाडी जाईल एवढा बोळ आहे. बापूजी धानाचे शेतकरी, वयानं माझ्यापेक्षा मोठे, आणि बोलण्यात असा ठामपणा की माणसाला वाटावं जिल्हाधिकारीही त्यांना विचारूनच सही करत असेल. त्यांचा मुलगा निकेश दिव्यानीच्याच वर्गात आहे. ओट्यावर बसून त्यांनी आधी सुपारी कातरली, मग मुद्द्यावर आले.

"वामनराव, आमच्या पोट्ट्यालेबी थोच मशीन लागते म्हणे. मंग दोन-दोन काऊन घ्याचे? सावड करू ना. अर्धा तुमचा, अर्धा आमचा."

सावड आमच्याकडे जुनी आहे. ज्याच्या गोठ्यात एकच बैल, तो दुसऱ्या एक बैलवाल्याशी सावड करतो. दोघांचे बैल मिळून जोडी होते, दोघांच्याही धानाच्या शेतात चिखलणी होते, आणि संध्याकाळी ज्याचा बैल त्याच्या गोठ्यात जातो. बापूजींच्या वडिलांची आणि माझ्या वडिलांची सावड होती. खरं सांगतो, मला एकदम भरून आलं. तीन दरपत्रकांनी जे सुटलं नाही ते एका सुपारीत सुटलं होतं.

आतून दिव्यानी आली. "काका, थो का बैल हाये का?"

"बाई, काम तं बैलावानीच करते ना?" बापूजी म्हणाले.

"बाबा, एका वेळी एकच जण बसू शकते त्याच्यावर."

मी तिला सहकार या विषयावर थोडं सांगितलं. माणूस माणसाच्या उपयोगी पडला पाहिजे, वस्तू वाटून वापरली की प्रेम वाढतं, वगैरे. ती आईकडे बघत होती आणि आई पंख्याकडे बघत होती.

खरेदीला चंद्रपूरला मी आणि बापूजी दोघंच गेलो. लेकरं सोबत असली की महागातलं घ्यायला लावतात, यावर आमचं एकमत झालं. दुकानदार धनराज, भला तरुण माणूस. "बसा काकाजी, पाणी घ्या," म्हणून त्यानं एक कॅबिनेट समोर ठेवलं, म्हणजे तो उभा डबा, ज्यात सगळी यंत्रं असतात. बापूजींनी त्याला एक फेरी मारली. पाठीवर थाप मारून आवाज ऐकला. मागच्या बाजूला वाकून पाहिलं.

"वय का हाये याचं?"

"नवीन आहे काकाजी."

"सगळेच म्हणतात. चालवून दाखव."

धनराजनं चालू केला. बापूजी पंख्याचा आवाज कान लावून ऐकत राहिले आणि म्हणाले की धाप लागत नाही, छाती चांगली आहे. त्यानंतर त्यांनी जे केलं त्याची मला कल्पना नव्हती. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी धनराजच्या हातावर टाकला आणि आतून त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो. किती बोटं दाबली ते दोघांनाच कळतं, बाजूच्याला पत्ता लागत नाही. धनराजला वाटलं म्हाताऱ्याला भोवळ आली. तो घाबरून "हो हो, काकाजी, हो हो," म्हणत राहिला आणि बापूजींनी दुपट्टा झटकून जाहीर केलं, "झाला सौदा!"

सौदा कितीत झाला यावर पुढचा बराच वेळ गेला. मी तुलनात्मक तक्ता बाहेर काढला, तो कोणी बघितला नाही.

पुढचं संकट बिलाचं. एका मशीनची दोन बिलं कशी फाडायची हे धनराजच्या कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. शेवटी कॅबिनेट बापूजींच्या नावावर आणि पडदा, कीबोर्ड, माऊस माझ्या नावावर असं ठरलं. कॅबिनेट बापूजींनी मागून घेतलं, कारण ते वजनाला जड होतं. मी पडदा पसंत केला. पाहुणा आला की त्याला दिसतो तो पडदाच. म्हाताऱ्याला आपण थोडं फसवलं की काय, अशी टोचणी मला बल्लारपूर येईपर्यंत लागून राहिली होती.

घरी आल्यावर दिव्यानीनं सांगितलं की जे काही आहे ते सगळं त्या डब्यात आहे.

"मग आपल्याकडे काय आहे?" मी विचारलं.

"आपल्याकडे तोंड हाये, बाबा."

पलीकडे बापूजींच्या घरी गिरजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, डब्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. इकडे मनकर्णानं पडदा बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवून मेणबत्ती लावली आणि आम्ही त्रिशरण म्हटलं. दोन्ही बाजूंनी असं यथासांग झालं तरी कॉम्प्युटर काही चालू होईना, कारण तो दोन घरांत होता.

मी म्हटलं डबा आमच्याकडे आणून ठेवू. बापूजी म्हणाले, "बैल आपापल्याच गोठ्यात बांधला पाह्यजे जी. सावडीचा कायदा हाये." मी म्हटलं मग पडदा तुमच्याकडे ठेवू का? हे मी फक्त सभ्यतेखातर म्हटलं होतं, पण ते लगेच 'चालते' म्हणाले. मला घाईघाईनं शब्द मागे घ्यावा लागला. मग रोजची ने-आण सुरू झाली. एक दिवस निकेश डबा घेऊन आमच्याकडे येई, दुसऱ्या दिवशी दिव्यानी पडदा गोधडीत गुंडाळून त्यांच्याकडे जाई. गोधडीतलं ते ओझं जपून नेताना पाहून बोळाच्या टोकाच्या आशाबाईंनी मनकर्णाला हळूच विचारलं की घरात कोणाचं बाळ आलंय का. मी तिथून निघून गेलो.

एकदा बोळात बकरी आडवी आली, निकेश घसरला आणि डब्याचा एक कान वाकला. तेव्हा प्रफुलनं लांब केबल सुचवली. सुचवली आणि विकलीही. डबा बापूजींच्या खिडकीत, पडदा आमच्या खिडकीत, आणि मधून बोळावरून दोन काळ्या वायरी. आता ने-आण थांबली. बसायचं दोघांनीही आमच्याच खोलीत, आलटूनपालटून. फक्त चालू करायचं बटण डब्यावर, म्हणजे पलीकडे. त्यामुळे रोज संध्याकाळी आमच्या खिडकीतून "काकू, बटन दाबा!" अशी हाक जायची आणि पलीकडून गिरजाबाई हात पुसत येऊन बटण दाबायच्या. दाबण्याआधी त्या बटणाला नमस्कार करायच्या. अख्ख्या बोळाला कळायचं की वामनरावांची पोरगी अभ्यासाला बसली. तिच्या प्रोग्राममध्ये चूक झाली की तेही कळायचं, कारण मग "काकू, बंद करून परत दाबा!" अशी हाक यायची.

वीज गेली तर वेगळीच तऱ्हा. बोळाच्या या बाजूची लाइन निराळी, त्या बाजूची निराळी. आमच्याकडे दिवे असायचे आणि त्यांच्याकडे नसायचे, तेव्हा पडदा निळा पडून 'सिग्नल नाही' म्हणायचा. त्यांच्याकडे असून आमच्याकडे गेली की डबा तिकडे एकटाच घुमत बसायचा आणि त्याच्या मनात काय चाललंय हे कोणालाच दिसायचं नाही.

अशातच ग्रामपंचायतीची नोटीस आली. सार्वजनिक बोळावरून विनापरवानगी वायर नेल्याबद्दल खुलासा करा. खुलासा करायला माझी ना नव्हती, पण नमुन्यात वायरीचे प्रकार तीनच होते: विजेची, टीव्हीची आणि कपडे वाळवण्याची. आमची कशात बसवायची? आणि याहून वाईट म्हणजे नोटिशीची एक प्रत पंचायत समितीला माहितीसाठी पाठवलेली होती. पंचायत समितीत आवक टपाल घेतं कोण? मी. स्वतःविरुद्धचं पत्र मी स्वतः आवक करून घेतलं, त्यावर क्रमांक टाकला आणि 'संबंधितांकडून खुलासा प्राप्त करावा' असा शेरा मारून साहेबांसमोर ठेवलं. साहेब वाचता वाचता खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

एवढं होऊनही दिव्यानी शिकत होती, हे मला सांगितलंच पाहिजे. कुरकुर न करता, वीज असेल तेव्हा, निकेशची पाळी नसेल तेव्हा, ती त्या खिडकीशी बसून असायची. परीक्षेची तारीख आली तेव्हा तिनं आईला मिठीच मारली. मग तिनं तारीख नीट वाचली. परीक्षा पोळ्याच्या दिवशी, सकाळी. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेतरी दक्षिणेत होतं, त्यांना पोळा ठाऊक नव्हता. कॉलेजला त्या दिवशी कुलूप. मोबाइलवरून परीक्षा देता येणार नाही, कॉम्प्युटरच पाहिजे. आणि दिव्यानीची व निकेशची वेळ एकच.

आता माझ्या ध्यानात आलं की सगळ्यांच्याच शेतात चिखलणीचा दिवस एकदमच येतो. पण सावडीत बैल तरी एकामागून एक दोन बांध्यांत, म्हणजे शेताच्या दोन तुकड्यांत, चालतात.

"पोट्टी तुमची हुशार हाये," बापूजी म्हणाले. "तिले पुढच्या खेपेले भेटलच. यंदा निकेश बसल."

"हुशार आहे म्हणूनच ती बसेल," मी म्हणालो.

"डब्बा आमचा हाये."

"पडदा आमचा आहे."

यानंतर जे बोलणं झालं ते दोन प्रतिष्ठित माणसांना शोभणारं नव्हतं. मी त्यांच्या सुपारीबद्दल बोललो, ते माझ्या हापिसाबद्दल बोलले. त्यांनी आपल्या खिडकीतून वायर उपटून बोळात टाकली. मी पडदा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. सावड मोडली. ज्यांच्यासाठी मोडली ती दोघं त्या वेळी आमच्याच ओट्यावर बसून एका मोबाइलवर परीक्षेच्या सरावाचे प्रश्न सोडवत होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदे दुखावलेले असतात, म्हणून पळसाच्या पानानं गरम तूप आणि हळद चोळतात आणि बैलांच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. गिरजाबाईंनी दोन्ही बैलांचे खांदे शेकले. वाटीत तूप उरलं. खिडकीत डबा होता. रोज त्याच्या बटणाला नमस्कार करून त्यांचा त्याच्यावर जीव जडला होता.

"बिचारा सारा पावसाळाभर राबला," असं नंतर त्या मनकर्णाला सांगत होत्या. "म्हटलं यालेबी थोडं लावून द्यावं. याचे खांदे वर हायेत ना."

डब्याच्या वरच्या बाजूला, जिथे त्यांना खांदे दिसले, तिथे हवा खेळायची जाळी असते. तूप पातळ होतं. डबा नीट चालतो ना हे बघायला निकेशनं बटण दाबलं तेव्हा आधी पुरणपोळीसारखा वास आला, मग पंख्यानं भिंतीवर हळदीचे शिंतोडे उडवले, आणि मग डबा गप्प झाला.

बातमी आमच्याकडे आली तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला. मी माणूसच आहे. दिव्यानीचा चेहरा पाहिला तेव्हा तो आनंद गेला. ती भिंतीला टेकून खाली बसली होती.

"बाबा, तुमी प्रफुलले विचारलं. मामाले विचारलं. बंद्या हापिसाले विचारलं. बापूजीकाकानं थाप मारून पाह्यला. मी तं इथीच होती ना. मले काऊन नाई विचारलं?"

"तू सांगितलं होतंस ना बेटा, आठ जीबी..."

"मी सांगतलं होतं. तुमी विचारलं नाई."

मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवण्यासारखं कुठलंही काम त्या वेळी हाताशी नव्हतं.

सकाळी मी कुलूप काढलं, पडदा स्कूटरवर पुढे उभा केला, दिव्यानीला मागे बसवलं आणि चंद्रपूरचा रस्ता धरला. काय करणार हे मला ठाऊक नव्हतं. घरी बसून राहणं शक्य नव्हतं एवढंच. गाव सुटल्यावर मागून मोटरसायकलचा आवाज आला. बापूजी. मागे निकेश, त्याच्या मांडीवर बैलाच्या झुलीत गुंडाळलेला डबा. पोळ्याच्या दिवशी शेतकऱ्यानं बैल सोडून गावाबाहेर जावं ही साधी गोष्ट नाही. तरी आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. कधी ते पुढे, कधी मी पुढे, असे आम्ही चंद्रपूरला पोचलो.

धनराज दुकान उघडतच होता. त्यानं झूल सोडली आणि नाक जवळ नेलं.

"काकाजी, यात काय टाकलं?"

"तूप," बापूजी म्हणाले.

"काऊन?"

"पोळा हाये ना आज."

धनराजनं वॉरंटीचा कागद काढून वाचला. आग होती, पाणी होतं, उंदीर होते. तूप कशातच नव्हतं. मी म्हटलं, ज्याअर्थी मनाई नाही त्याअर्थी ते अनुज्ञेय आहे. धनराज म्हणाला की काकाजी, कंपनी असं मानत नाही. मी नियम दाखवा म्हटलं. बापूजी म्हणाले तूप घरचं होतं, त्यात भेसळ नव्हती. आम्ही तिघं हा मुद्दा चांगला रंगवत होतो. घड्याळाकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

दिव्यानी पुढे झाली. "दादा, थे कोपऱ्यातले दोन जुने लॅपटॉप चालू हायेत का? आमची परीक्षा हाये आता. दोन तास बसू देता का दोघाले?"

"बस ना ताई. नेट पण आहे," धनराज म्हणाला.

झालं. इतकंच होतं ते. मी हातात पडदा घेऊन उभा होतो आणि बापूजी डबा घेऊन, आणि आम्हाला ते खाली ठेवा असं म्हणायलाही कोणाला सवड नव्हती. दोघं पोरं शेजारी शेजारी बसली आणि त्यांच्या बोटांचा आवाज सुरू झाला. आम्ही बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

बापूजी सुपारी कातरू लागले. "बैलायले धुतलं असल का नाई कोणी?"

"गिरजाबाई धुतील."

"हाव." मग अडकित्ता मिटून, "तूप थोडं जास्तच झालं."

"माझंही जरा जास्तच झालं," मी म्हणालो. त्यांनी सुपारी पुढे केली आणि मी घेतली.

पोरगी बाहेर आली. मी विचारलं, "कसा गेला?"

"पडदा अन् डब्बा एकाच ठिकाणी होता बाबा. त्यानंच अर्धा पेपर सोपा गेला."

निकाल आला. दिव्यानीची निवड झाली. निकेश थोडक्यात हुकला, त्याला उन्हाळ्यातल्या परीक्षेला पुन्हा बसता येणार होतं. आमच्या घरी आनंद झाला, पण तो मोठ्यानं करता येईना. समोरच्या खिडकीत दिवा लवकर मालवलेला दिसत होता. दिव्यानी म्हणाली की नागपूरला कंपनीच मशीन देणार आहे, आणि तिनं कपाटाकडे बोट दाखवलं. मला समजलं. मी पडदा उचलला आणि बोळात उतरलो.

बोळाच्या मध्यावर बापूजी भेटले. त्यांच्या हातात डबा होता. धनराजनं धुऊन पुसून चालू करून दिला होता, वास मात्र अजून येत होता.

"तुमच्याकडे घेऊन निंगालो," ते म्हणाले. "पोरगी शिकून राह्यली, तिले पूर्ण लागल."

"तिला कंपनी देते. निकेशला पुन्हा बसायचंय. तुम्ही हे घ्या."

"नाई जी, तुमी घ्या."

"अहो, मी म्हणतो ना, तुम्ही घ्या."

आवाज चढला. भांडणात जेवढा चढला होता त्याहून थोडा जास्तच. मागे एक बैलगाडी येऊन थांबली आणि गाडीवान ओरडला की तुमचं देणंघेणं घरात करा. गिरजाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला पडदा सरळ काढून घेतला. म्हणून प्रकरण मिटलं, नाहीतर आम्ही तिथेच असतो.

दिव्यानी नागपूरला गेली. घर मोठं वाटू लागलं, ते मला मुळीच आवडलं नाही. रविवारी ती निकेशला व्हिडिओवर शिकवते. एका रविवारी शिकवणी संपल्यावर बापूजींनी बोळातून हाक दिली आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. श्रीहरीही मोहर्लीहून आला होता, प्रफुल केबलचे उरलेले पैसे मागायला आला होता, तोही बसला. पडद्यावर माझी पोरगी पूर्ण दिसत होती. थोडी वाळली होती.

"बाबा, इतके जवळ नोका येऊ, नुसतं नाक दिसते," ती म्हणाली. "आयका ना. मी लॅपटॉप घेतला. पगारातून."

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. कोणता, किती जीबीचा, आय-किती, कुठून, सगळे प्रश्न सगळ्यांच्या ओठांवर आले होते. पण पहिला मी बोललो. तोंडातून निघून गेलं.

"कोणाला विचारून?"

ती हसली.

"कोणालेच नाई. मीच वापरणार ना, बाबा."

प्रफुलनं तोंड उघडलं होतं ते मिटलं. मनकर्णानं माझ्याकडे बघितलं. मला थोडा राग आला, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं.